रकाना नऊ: वाऱ्याची दिशा

न्हाव्याच्या दुकानातून आणलेले केस, कागदी पिशवी भरून. पांढरे जास्त, तपकिरी थोडे, आणि एक लालसर पुंजका. तो कोणाचा हे सगळ्या गावाला ठाऊक.

*

टॉयलेटच्या कागदाच्या आतली पुठ्ठ्याची नळकांडी, सात.

*

सकाळी ६:१०. ल. बाहेर आला. आकाशाकडे पाहिलं. आत गेला. का?

*

बायकी नायलॉनचा लांब पायमोजा, एक, दाताळ्याच्या दांड्याच्या टोकाला बांधलेला. जोडीतला दुसरा कपाटात.

*

कोपऱ्यावरच्या आग विझवायच्या नळाला तीन वर्षांपूर्वी नवा रंग द्यायला माणूस आला, तेव्हा मिस हावलिकने त्याला थांबवून जुन्या रंगाची खपली आधी पाकिटात घालून घेतली. नवा लाल त्या खपलीशी ताडून पाहिल्याशिवाय तिने त्याला ब्रश बुडवू दिला नाही.

*

"पहाटे पाचला कुठे गेला होतास?"

"कुठे नाही."

"मग बुटांना गवत कसं?"

"गवत असतंच, डोरीन. आपण आयोवात राहतो."

*

आता हे सगळं ज्या एका टोमॅटोपायी झालं, त्याच्याकडे येऊ.

वॅल्बर्ग गावात लिंडेन स्ट्रीटवर बारा घरं आहेत. चार जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, या बारा घरांचे लोक रस्ता दोन्हीकडून अडवून मध्ये टेबलं मांडतात. मक्याची कणसं असतात, भाजलेलं डुकराचं मांस असतं, आणि गाजराचा कीस घातलेली हिरवी जेली असते, जी कोणी खात नाही आणि कोणीतरी आणल्यावाचून राहत नाही. टेबलांच्या टोकाला हिरव्या पट्ट्यांची एक घडीची खुर्ची ठेवतात. त्या दिवसापर्यंत ज्याच्या घरी मोसमातला पहिला लाल टोमॅटो पिकला, तो या खुर्चीत बसतो. त्याने दिवसभर काडी इकडची तिकडे करायची नाही, लोकांनी ताट त्याच्या मांडीवर आणून द्यायचं. बदल्यात त्याने टोमॅटोच्या पातळ चकत्या करून, मीठ लावून, प्रत्येक घराला एक द्यायची. लाल म्हणजे किती लाल, यावर पूर्वी भांडणं व्हायची. म्हणून मिस हावलिक, जिने या रस्त्यावरच्या निम्म्या लोकांना पाचवीत शिकवलं होतं, टोमॅटो कोपऱ्यावरच्या नळाशी धरून बघते. जुळला तर जुळला.

सलग अकरा वर्षं लव्हर्न ब्रून्सचा टोमॅटो जुळला होता.

सलग अकरा वर्षं त्याच्या शेजारी राहणाऱ्या डेल्मर कोपेकीने लव्हर्नच्या हातून चकती घेतली, तोंडात घातली आणि "मस्त आहे" असं म्हटलं. हे दोन शब्द बोलताना त्याला काय व्हायचं ते फक्त त्याच्या बायकोला, डोरीनला माहीत होतं, कारण बारा महिने ते तिलाच ऐकावं लागायचं.

डेल्मर पीक विमा कंपनीत गारपिटीचे दावे तपासायचा. एकतीस वर्षं. शेतकरी गार पडली म्हणायचा, डेल्मर शेतात जाऊन पानांवरची भोकं मोजायचा आणि ही भोकं गारेची की नाकतोड्याची हे ठरवायचा. एकतीस वर्षांत त्याने एकाही माणसाचं पहिलं वाक्य खरं मानलं नाही. निवृत्त झाला तेव्हा कंपनीने त्याला भिंग भेट दिलं. हे त्यांनी प्रेमाने दिलं की टोमणा म्हणून, यावर तो अजून विचार करतो आहे.

आणि यंदा डोरीनने अट घातली होती. तिला मागच्या अंगणात सिमेंटचा ओटा हवा होता, ओट्यावर झोपाळा हवा होता, आणि झोपाळ्यावर तिला स्वतःला बसायचं होतं. अंगणात ऊन नीट येणारी जागा एकच, आणि तिथे डेल्मरचा वाफा. ओट्याचा नकाशा फ्रिजच्या दारावर कणसाच्या आकाराच्या चुंबकाखाली लागला. यंदाच्या चार जुलैला वाफ्यातून लाल टोमॅटो निघाला तर नकाशा फाडायचा. नाही निघाला तर गवंडी बोलवायचा आणि टोमॅटो हा शब्द या घरात फक्त दुकानच्या यादीत लिहायचा. ही अट डोरीनने नकाशाखालीच लिहिली आणि डेल्मरने मान्य करून खाली सही केली. विमा कंपनीचा माणूस सही केल्याशिवाय अट धरत नाही.

*

त्याने एक मेलाच रोपं लावली. सात. मिस हावलिक रस्ता ओलांडून आली, हातातली छत्री वाफ्यात खुपसून तिने माती उचकली, आणि अजून थंडी जायची आहे, असं म्हणाली. पलीकडच्या घरातल्या पोस्टमनने सांगितलं, मदर्स डेच्या, म्हणजे मेमधल्या दुसऱ्या रविवारच्या, आत लावणारा माणूस रोपं नाही, फक्त आशा लावतो. डेल्मरने दोघांनाही मान डोलावली आणि मनात नोंद केली की हे दोघंही लव्हर्नच्या घरी शुक्रवारी पत्ते खेळतात.

मदर्स डेच्या संध्याकाळी दहिवर गोठणार असल्याची सूचना रेडिओवर आली. रोपं झाकायला घरात काही सापडेना. सापडलं ते फक्त मुलीने डोरीनला मदर्स डेची भेट म्हणून पाठवलेलं पाकीट, कोऱ्या चादरींचं, त्यांवर जांभळी फुलं. डेल्मरने पाकीट अगदी नीट, चिकटपट्टीच्या बाजूने उघडलं, म्हणजे परत बंद करता येईल. सकाळी सहा रोपं जगली, सातवं काळं पडलं, आणि चादरींना मातीचे सात गोल डाग पडले.  डोरीनने त्या न धुता पलंगाच्या त्याच्या बाजूला अंथरल्या.

त्याच सकाळी डेल्मरने कुंपणावरून पाहिलं. लव्हर्नची रोपं अजून खिडकीत, कुंडीत, उबेत उभी होती. दहिवर पडणार हे त्याला आधीच कसं कळलं, हा प्रश्न डेल्मरने वहीत लिहिला. रेडिओ सगळ्यांनाच ऐकू येतो हे त्याच्या लक्षात आलं, पण ते त्याने लिहिलं नाही.

मग अळ्या. त्या रात्रीत रोपाचं खोड जमिनीलगत करवतीने कापल्यासारखं कापतात. उपाय म्हणून प्रत्येक रोपाच्या गळ्यात पुठ्ठ्याचं नळकांडं. मग ससे. उपाय म्हणून न्हाव्याकडचे केस वाफ्याभोवती पसरायचे, म्हणजे सशांना माणूस आहे असं वाटतं. त्या रात्री पाऊस झाला आणि केस ओघळून लव्हर्नच्या पायवाटेवर गेले. लव्हर्नने ते झाडून, पिशवीत भरून, पिशवी कुंपणाला अडकवली, वर चिठ्ठी: "तुझे असावेत." डेल्मरने चिठ्ठी भिंगाखाली धरून पाहिली.

*

आणि मग आच्छादन.

मिस हावलिकचं म्हणणं असं की माती उघडी ठेवायची नाही. वर गवत पसरलं की ओल टिकते, तण मरतं, टोमॅटो पंधरा दिवस आधी पिकतो. डेल्मरच्या स्वतःच्या हिरवळीत गवत कमी आणि डँडेलियनचं पिवळं तण जास्त. उलट लव्हर्नची हिरवळ. तिच्याकडे बघून अनोळखी लोक गाडी हळू करतात. लव्हर्न दर सोमवारी ती कापतो, कापलेलं गवत मोठ्या तपकिरी कागदी पिशव्यांत भरतो आणि पालापाचोळ्याच्या गाडीसाठी रात्री रस्त्याच्या कडेला ठेवतो. गाडी मंगळवारी सकाळी सातला येते.

आता डेल्मरने याचा कायदेशीर विचार केला. पिशवी लव्हर्नच्या अंगणात असते तोवर ती लव्हर्नची. कडेला ठेवली की ती नगरपालिकेची. नगरपालिका म्हणजे आपण सगळे. म्हणजे एका अर्थी गवत त्याचंच होतं. मग विचारून का नाही घेतलं? कारण विचारलं असतं तर लव्हर्नने आनंदाने दिलं असतं, आणि चार जुलैला लोक म्हणाले असते, लव्हर्नच्या गवतावर पिकला.

तेव्हा सतरा मे, मंगळवार, पहाटे पाच वाजून वीस मिनिटं. एकचाकी गाड्याच्या चाकाला आदल्या दिवशी तेल दिलेलं. पिशव्या तीन. पहिली गेली. दुसरी गाड्यावरून खाली पडली, आणि ती पुन्हा वर चढवताना डेल्मरच्या पाठीत अशी काही कळ आली की तो क्षणभर नगरपालिकेच्या गवतावर डोकं टेकून उभा राहिला. तिसरी त्याने सोडून दिली. माणसाने हाव धरू नये.

त्याच दुपारी लव्हर्न कुंपणाशी आला. लव्हर्न ब्रून्स म्हणजे उंच, वाकलेला, बोलण्याआधी घसा तीनदा साफ करणारा माणूस. त्याने ढगांबद्दल विचारलं. डेल्मरच्या पाठीबद्दल विचारलं. मग कुंपणाची फळी नखाने खरवडत म्हणाला, "डेल, यंदा बुडाशी काय घालतोयस?"

"जुनी वर्तमानपत्रं," डेल्मर म्हणाला.

"हं. वर्तमानपत्रं चांगली." त्याने फळीचा एक ढलपा काढून खिशात टाकला. "गवत मात्र नको घालूस कोणाचं. म्हणजे यंदा गवत काही बरं नाही म्हणतात."

"कोण म्हणतात?"

"असंच. लोक."

आणि तो गेला. इथे एक सांगायला हवं. लिंडेन स्ट्रीटवर कोणी कोणाला तोंडावर काही म्हणत नाही. शेजाऱ्याच्या पॅन्टची चेन उघडी असेल तर इथला माणूस हवेत गारवा आहे म्हणतो. डेल्मर याच रस्त्यावर वाढला, पण एकतीस वर्षांच्या नोकरीने त्याचे कान वेगळे झाले होते. त्याने ऐकलं ते असं: अकरा वर्षांचा विजेता, आपणहून, गवत घालू नको म्हणतो. म्हणजे गवत हेच त्याचं गुपित. त्या संध्याकाळी त्याने दोन इंचांचा थर चार इंचांचा केला.

पुढच्या सोमवारी लव्हर्नने पिशव्या रस्त्यावर ठेवल्या नाहीत. गॅरेजमागे, ताडपत्रीखाली ठेवल्या, आणि मंगळवारी बरोबर सात वाजता गाडी आल्यावर एकेक उचलून स्वतः गाडीवाल्याच्या हातात दिली. वहीतली नोंद: "लपवतोय."

त्याच आठवड्यात तो दोन रोपं घेऊन आला. गुडघाभर उंच, एकावर पिवळी फुलं. "जास्त झाली," म्हणाला, "टाकायची जिवावर येतं." फुलावर आलेलं रोप फुकट कोण देतं? डेल्मरने भिंग घेऊन पानांची खालची बाजू तपासली. रोग दिसेना, म्हणजे अजून दिसण्याइतका वाढला नसावा. वाफ्यात लावायचा प्रश्नच नव्हता. त्याने रोपं गॅरेजजवळच्या पन्हळीखाली रंगाच्या जुन्या बादलीत लावली, वाफ्यापासून चाळीस पावलांवर, जशी पाहुण्यांची खाट ओसरीत टाकतात तशी. गवत संपलं होतं. बादलीला काहीच मिळालं नाही.

*

सहा जूनला पानं वळली.

नुसती सुकली नव्हती. शेंडे पिळल्यासारखे आत वळलेले, पानं दोरीसारखी अरुंद, देठ खाली झुकून पुन्हा वर आलेले, जणू रोपं स्वतःच्याच पायांकडे काही शोधत होती. सहाच्या सहा. शेजारचे मटारही तसेच.

लगेच सल्ले सुरू झाले. धान्याच्या कोठारापाशी सकाळी कॉफीला जमणाऱ्या मंडळींपैकी एकाने जुलाबाचं मीठ पाण्यात घालून द्यायला सांगितलं, दुसऱ्याने डोकेदुखीची गोळी, तिसऱ्याने कॉफीचा चोथा. चौथा म्हणाला, रोपांशी बोलून बघ. पाचवा म्हणाला, बोलू नकोस, तेच झालं असेल. मिस हावलिकने एक पान चष्म्याजवळ धरलं आणि हे औषधाचं काम आहे, तणाच्या, असं सांगून ती निघून गेली. फळ्यावर गणित टाकून वर्गाबाहेर जायची तिची सवय जुनीच.

तणाचं औषध. या रस्त्यावर तणाचं औषध फवारणारा माणूस एकच. पाठीवर पंप घेऊन लव्हर्न हिरवळीवर फिरताना डेल्मरने कितीदा पाहिला होता. वारा आला, औषध कुंपणावरून आलं. किंवा आणलं गेलं.

"डेल," डोरीन म्हणाली, "लव्हर्नने आपल्या मुलीच्या लग्नात भांडी घासली होती."

"तेव्हा तो जिंकत होता," डेल्मर म्हणाला.

त्याने नगरपालिकेत फोन केला. त्यांनी सांगितलं, हे राज्याच्या शेती खात्याचं काम. पण तक्रार आली म्हणजे माणूस पाठवावाच लागतो. माणूस आला. त्याने टोमॅटो पाहिले नाहीत. त्याने मोजपट्टी काढली आणि डेल्मरच्याच हिरवळीचं गवत मोजलं. अकरा इंच. गावात आठ चालतं. डेल्मरने पाच आठवडे टोमॅटोखेरीज कशाकडे पाहिलंच नव्हतं. नोटीस जागेवरच मिळाली. शिवाय दाताळ्याला बांधलेला पायमोजा पाहून माणसाने विचारलं, हा झेंडा कोणाचा? डेल्मरने सांगितलं, ती वाऱ्याची दिशा बघायची सोय आहे. माणसाने लिहून घेतलं: "परवानगीशिवाय खांब, एक."

पायमोजा बांधायचं कारण असं की शेती खात्याचा तक्रार अर्ज बारा पानांचा होता आणि त्यात रकाना नऊ होता.

रकाना नऊ: घटनेच्या वेळी वाऱ्याची दिशा व वेग.

डेल्मरला घटनेची वेळच माहीत नव्हती. पण ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे अपुरे अर्ज परत पाठवले, तो स्वतःचा अपुरा अर्ज कसा धाडेल? तेव्हा पाळत सुरू झाली. स्वयंपाकघराच्या खिडकीत खुर्ची, वही, भिंग.

"८ जून. ७:०५. ल. हिरवळीवर उभा. वारा पश्चिमेकडून, पायमोजा अर्धा भरलेला. ल.ने आपल्या वाफ्याकडे पाहिलं. चेहरा दुःखी. नाटक?"

"९ जून. वारा नाही. पायमोजा लोंबतोय. डोरीन म्हणाली काढ तो, पाद्रीबाई येऊन गेल्या."

"११ जून. ल. कुंपणाशी आला, घसा साफ केला, परत गेला. दोनदा."

"१२ जून. ल.ने पंप धुतला. पुरावा नष्ट?"

बारा जूनच्या नोंदीच्या जोरावर अर्ज गेला. रकाना नऊमध्ये त्याने लिहिलं: "पश्चिम, बहुतेक." आयुष्यात पहिल्यांदा त्याने बहुतेक हा शब्द अर्जात लिहिला, आणि पाकीट बंद करताना त्याला आपण एखाद्या गारपीटग्रस्त शेतकऱ्यासारखे झालो आहोत असं वाटलं.

*

तपासनीस बाई तेवीस जूनला आल्या. क्रिस्टा वेसल्स, वय तिशीच्या आत, पायांत रबरी बूट, हातात पानं भरायच्या पिशव्या. नियमाप्रमाणे ज्याच्यावर तक्रार आहे त्यालाही हजर राहायचं असतं. लव्हर्न इस्त्रीचा सदरा घालून आला होता. हातात जेलीचं भांडं घेऊन येणार होता, पण बायकोने परत ठेवायला लावलं, असं डोरीनला मागाहून कळलं.

क्रिस्टाबाई आधी कुंपणापलीकडे गेल्या. लव्हर्नचे टोमॅटो कुंपणाला अगदी लागून होते आणि डुकरासारखे माजले होते. मग त्या डेल्मरच्या वाफ्याशी आल्या. वाऱ्याने औषध आलं तर कुंपणाकडची बाजू आधी वळायला हवी होती, ती आणि सगळ्यात दूरची सारखीच वळली होती. कोपऱ्यातली गाजरं मात्र ठणठणीत होती. गाजरांपर्यंत गवत पुरलं नव्हतं.

त्या गुडघ्यावर बसल्या. त्यांनी थर उचलला, वास घेतला, खालचं बोटांनी विंचरलं.

"हे गवत कुठलं?"

डेल्मरला आपले कान तापल्याचं जाणवलं. एकतीस वर्षं हा प्रश्न त्याने विचारला होता, याच आवाजात, याच बेताच्या दयेने. त्याला आठवलं की त्या प्रश्नानंतर शेतकरी नेहमी लांब कुठेतरी बघायचे, आणि आपण वहीत लिहायचो: लांब बघतो. तो लांब बघू लागला. गॅरेज होतं. गॅरेजपाशी रंगाची बादली होती. बादलीत एक रोप छातीइतकं उंच झालं होतं.

"आमच्या... म्हणजे या रस्त्यावरचं," तो म्हणाला.

"फवारलेल्या हिरवळीचं दिसतंय. औषध मारून एक-दोन दिवसांत कापलेलं."

लव्हर्नने घसा साफ केला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.

"माझं आहे ते," तो म्हणाला. "मीच दिलं त्याला. शनिवारी औषध मारलं होतं, सांगायचं राहून गेलं. चूक माझी."

 डोरीनने नवऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्या बुटांकडे. क्रिस्टाबाईंनी लिहून घेतलं. वारा पडला होता आणि पायमोजा दांड्याला चिकटून लोंबत होता.

जाताना त्यांनी सांगितलं की या वाफ्यात यंदा काही लावू नका. तक्रार मागे घ्यायची असेल तर वेगळा अर्ज आहे, चारच पानांचा.

*

त्या अर्जात वाऱ्याला जागा नव्हती. एकच मोठा रकाना होता: तक्रार मागे घेण्याचं कारण, तीन ओळी.

डेल्मर दोन दिवस त्या तीन ओळींपाशी बसला. लव्हर्न खोटं बोलला होता, हे त्याला सगळ्यात जास्त खुपत होतं. का बोलला? काय साधलं त्याने? गवत बघून जागीच ओळखलं असणार, त्याने अंदाज बांधला, आपलं गवत कोण ओळखणार नाही. पण मग उपकार कशाला? उपकार करणाऱ्या माणसाचा डाव काय असतो? त्याने पहिल्या ओळीत "गैरसमज" लिहिलं आणि खोडलं. "वारा" लिहिलं आणि खोडलं. तिसऱ्या ओळीत जागा उरली होती तेवढ्यात त्याने लिहिलं: "गवत मी न विचारता आणलं."

अर्जाखाली बारीक अक्षरांत छापलं होतं की प्रत दुसऱ्या पक्षाला पाठवली जाईल. ते त्याने वाचलं. एकतीस वर्षं बारीक अक्षरं वाचणाऱ्या माणसाला ते न वाचून चाललं नसतं. तरी त्याने पाकीट पेटीत टाकलं.

आठवड्यात खात्याचं उत्तर दोन्ही घरी आलं: तपासणीच्या वेळचं निवेदन व अर्जातलं निवेदन यांत विसंगती आढळते, कृपया उभयतांनी खुलासा करावा. लव्हर्नने काय केलं ते कळलं नाही. डेल्मरने ते पत्र चादरींच्या पाकिटात ठेवलं.

*

चार जुलैच्या सकाळी बादलीतला टोमॅटो लाल होता.

नारिंगी नाही, खांद्यावर हिरवा नाही. डेल्मर पायजम्यातच त्याच्यासमोर उभा राहिला. रोप लव्हर्नचं होतं. बादली डेल्मरची होती. पाणी पन्हळीतून आलं होतं, म्हणजे आभाळाचं. कुंपणावरून पाहिलं तर लव्हर्नच्या सगळ्यात पुढच्या झाडावर एक देठ नुकता खुडलेला दिसत होता, टोकाला अजून ओल.

दुपारी बाराला मिस हावलिकने सगळ्यांना नळापाशी बोलावलं. लव्हर्नने रिकामे हात वर केले आणि यंदा आपला मागे पडला असं म्हणाला. त्याच्या बायकोच्या टोपलीवर रुमाल होता आणि रुमालाखाली काहीतरी गोल होतं. डेल्मरने ते पाहिलं. लव्हर्नने डेल्मरला ते पाहताना पाहिलं. दोघांनीही आकाशाकडे पाहिलं.

डेल्मरने टोमॅटो पुढे केला. मिस हावलिकने तो नळाशी धरला, पाकिटातली खपली काढून तिच्याशीही धरला, आणि पाचवीत त्याला एकदाच मिळालेल्या सुरात म्हणाली, "बरोबर आहे, कोपेकी."

तो खुर्चीत बसला. हिरव्या पट्ट्या त्याने कल्पना केली होती त्यापेक्षा जास्त टोचत होत्या. ताट मांडीवर आलं. त्याने चकत्या केल्या, बारा, मीठ लावलं, आणि एकेक जण येऊन मस्त आहे म्हणून गेला. त्यातल्या प्रत्येकाला काय वाटत असेल ते त्याला नेमकं माहीत होतं.

शेवटी लव्हर्न आला.

"रोप तुझं होतं," डेल्मर म्हणाला. हे त्याने मोठ्याने म्हटलं, टेबलाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाईल इतक्या. "सगळ्यांना सांगतो. आणि लव्हर्न, ते गवत..."

"उद्या पाऊस आहे म्हणतात," लव्हर्न म्हणाला. त्याने चकती तोंडात घातली, बराच वेळ चावली. "मीठ कमी आहे."

अकरा वर्षांत डेल्मरने हे एकदाही म्हणायचं धाडस केलं नव्हतं. त्याला कसंतरी झालं, आणि मग बरं वाटलं. त्याने मीठदाणी पुढे केली.

त्याच वेळी डोरीन फ्रिजवरचा कागद घेऊन आली. डेल्मरने फाडायला हात पुढे केला. तिने कागद मागे घेतला आणि दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"वाफ्यातून, असं लिहिलंय, डेल. हा बादलीतला."

"डोरीन, तू..."

"सही तुझी आहे. मी फक्त दावा तपासतेय."

टेबलावरचे लोक हसले, आणि डेल्मरला कळलं की यावर अपील नाही. ऑगस्टमध्ये ओटा झाला. त्याच्या कडेने आता नऊ बादल्या आहेत, आणि कुंपणाच्या पलीकडे, लव्हर्नच्या बाजूला, चार रोपांची जागा डेल्मरला मिळाली आहे. ती लव्हर्नने का दिली असावी, यावर डेल्मर झोपाळ्यावर बसून विचार करतो. डोरीन शेजारी बसते आणि झोपाळा हलवते, म्हणजे विचार फार पुढे जात नाही.

*

सतरा मेच्या मंगळवारी, पहाटे पाच वाजून वीस मिनिटांनी, लव्हर्न ब्रून्स दिवा न लावता कॉफीचा कप घेऊन पुढच्या खिडकीत उभा होता, आणि दुसरी पिशवी गाड्यावरून खाली पडली तेव्हा जाऊन हात द्यावा की नाही या विचाराने त्याने दार अर्धं उघडलं आणि पुन्हा लावून घेतलं.